ठवणी मला, पोथी तिला

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणंही बरं दिसत नाही. पण मी रागावलेली आहे. रागावलेली तरी कसली, जळते आहे. कॉलेजात जुनं काव्य शिकवताना जन्मभर फळ्यावर षड्रिपू लिहीत आले, काम, क्रोध, लोभ करत सहाव्यापाशी पोचले की मुली वहीत मुकाट्यानं 'मत्सर' उतरवून घ्यायच्या आणि मी मनात म्हणायची, बाकीच्या पाचांची ओळख पुस्तकातली गं, हा मात्र आमच्या घरचाच. काल शेंद्र्याला जाऊन आले. आज सकाळी चहा झाल्याबरोबर कागद घेऊन बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आधी अंघोळ कर. नाही करत. आधी हे.

तुम्हाला आठवतो का तो श्रावण? गुलमंडीच्या मागच्या बोळात, माडीवरच्या तुमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत सतरंजी, मागं स्वयंपाकघर, आणि मध्ये उंबरा. पोलिस ॲक्शन होऊन फार दिवस झाले नव्हते. रझाकारांच्या धामधुमीत बाबांनी आम्हाला नगरला मामाकडे पाठवलं होतं, तिथंच मी मराठी शाळेत शिकले, आणि निजाम गेल्यावर सगळं बस्तान परत औरंगाबादेत आलं तेव्हा मी भलतीच ताठ होऊन आले होते. आमच्या शाळेत उर्दूची तुकडी अजून चालू होती, मराठीची नवी निघालेली. माझ्यासारखं खणखणीत मराठी वाचणारं त्या शाळेत कुणी नव्हतं हे मला माहीत होतं, आणि ते तुम्हाला पहिल्या तासालाच कळलं याचा मला कोण आनंद! "रविवारी दुपारी घरी ये, पोथी लावणार आहे," असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी घरापर्यंत पळत गेले होते.

पोथी लावायची तुमची रीत देवळातल्यासारखीच होती. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. पोथी तुमच्या वडिलांच्या हातची, सुट्या पानांची, लाल फडक्यात बांधलेली. ती ठेवायची घडीची लाकडी ठवणी तुम्ही शहागंजातल्या एका सुतारबाबांकडून आणली होती. ते कुराणासाठी रेहल करायचे. तुम्ही त्यांना म्हणाला होतात, "आम्हाला पण तसलीच द्या चाचा, आमच्या पोथीला काय वेगळी लागते?" ती थोडी डुगडुगायची, मग तुम्ही तिच्या पायाखाली कागदाची घडी सारायचात. मी ठवणीसमोर मांडी घालून बसले. तुम्ही म्हणालात, "तू वाच." मी वाचलं. काय वाचलं होतं बाई! रस्त्यावरची माणसं थांबली असतील. ओवी संपली आणि मी अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही हात वर केलात आणि उंबऱ्याकडं मान वळवून म्हणालात, "हं, तू सांग गं."

उंबऱ्यावर ती होती. परातीत कणीक मळत बसलेली, कोपरापर्यंत पिठाचे हात, कपाळावर घाम. देवगाव रंगारीची पाटलाची पोर, आत्याकडे शहरात शिकायला राहिलेली, उर्दूच्या तुकडीतली. पोथी झाली की तुम्ही सगळ्या मुलींना गरम पोळी आणि गूळ-तूप द्यायचात, त्याची कणीक तिच्याकडं. मला तर वाटलं, मोलकरीण ठेवली का काय बाईंनी. पण ती बोलायला लागली. "बाई, राजा निघाला तवा आवडती राणी रडली असं लिवलंय, अन् नावडती रडली नाय. म्हंजी तिला दुःख नव्हतं असं नाय. आवडती रडली तर कुनीतरी डोळं पुसाया येनार. हिचं पुसनार कोन? म्हनून नाय रडली." तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. ऐकून झाल्यावर म्हणालात, "पुन्हा सांग."

तो सबंध श्रावण तसाच गेला. मी वाचायचं, तिनं सांगायचं. तिला दर रविवारी "पुन्हा सांग" आणि मला काय, तर "पुढचं वाच". मी म्हणजे नुसतं नरसाळं, वरून ओतायचं आणि खाली दुसऱ्याच्या भांड्यात. आणि ती स्वयंपाकघरात! आमच्या आईला कळलं तेव्हा तिनं नाक मुरडलं, "बाईंच्या सोवळ्यात पाटलाची पोर चालते वाटतं," आणि मी आईच्या वरताण होऊन मान डोलावली. मला सोवळ्याचं काही नव्हतं बाई. मला एवढंच खुपत होतं की ती तुमच्या घरातली झाली होती. परात कुठं आहे हे तिला विचारावं लागत नव्हतं. मी आपली पाहुणी, सतरंजीवर.

आता ते आख्यान. त्यावर मी पुढं प्राध्यापक होऊन तास न् तास बोलले आहे, पण मुळात गोष्ट केवढी साधी. दोन राण्यांचा राजा समुद्रापार जातो, तिकडं त्याचं सगळं बुडतं, आणि बारा वर्षांनी तो फाटक्या कपड्यांत आपल्याच दारात भिक्षा मागायला उभा राहतो. आवडती त्याच्याकडं पाहते आणि दासीला म्हणते, पसाभर दाणे घाल. आणि मागं गोठ्यापाशी टाकलेली नावडती, ती लांबून नुसती त्याची चाल बघून ओळखते. तुम्ही आदल्या रविवारी सगळ्या मुलींना सांगितलं होतं, "घरून विचार करून या. हिनं कसं ओळखलं?" मी आठवडाभर तेवढंच केलं. बाबांना विचारलं, मामांना कार्ड टाकलं. आणि उत्तर बांधून आणलं, की पातिव्रत्याच्या बळावर, कारण सतीची दृष्टी वस्त्राआडचं पाहते वगैरे. असं घोटून घोटून आणलं की बास.

त्या रविवारी मी घसा बसल्याचं सोंग केलं. मुद्दाम. अडुळसा प्यायले तर आईला खरं वाटेल म्हणून तोही प्यायले. तुमच्याकडं येऊन घोगऱ्या आवाजात म्हटलं, "बाई, आज तिला वाचू द्या. मी अर्थ सांगते." उंबऱ्यावरचे हात थांबले. तुम्ही म्हणालात, "तिचे हात कणकेत आहेत." पोथीला खरकटा हात लावत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. पण मी काय कच्च्या गुरूची चेली होते? म्हटलं, "धुवून येऊ दे की. थांबते मी." ती परातीपासून उठली, तशीच पिठाच्या हातांनी उभी राहिली, माझ्याकडं बघत. मला वाटलं, भ्यायली, आता हिच्या गावठी जिभेला माझ्या ओव्या झेपायच्या नाहीत. आणि खरं सांगू, बरं वाटलं मला.

तुम्ही पोथी स्वतःकडं ओढलीत. "मी वाचते," म्हणालात, "तू सांग अर्थ." झालं! हवं ते मिळालं. तुम्ही वाचलंत, मी पातिव्रत्याचं बळ सांगितलं, सतीची दृष्टी सांगितली, घसा बसल्याचं विसरून चांगल्या खुल्या आवाजात सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मी "पुन्हा सांग"ची वाट बघत होते. तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे." शाळेत बेरीज बरोबर आली की म्हणतात तसं. मग तुम्ही तिच्याकडं वळलात. ती परत कणकेला लागली होती, खाली बघूनच बोलली. "तिला दुसरं काम काय व्हतं बाई? लांबून बघायचंच काम. आवडतीच्या तर तो रोज पुढ्यातच. पुढ्यातलं ताट कोन निरखून बघतं? ज्याला वाढलं नाय तोच बघतो, दुसऱ्याच्या ताटात काय काय हाय ते." तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण माझं कारण वेगळं होतं.

निघताना तुम्ही मला जिन्यापर्यंत सोडायला आलात. हातावर सुंठ आणि गुळाचा खडा ठेवलात. "घशाला घे," म्हणालात. आणि मग, मी दोन पायऱ्या उतरल्यावर, वरून म्हणालात, "दुसऱ्याच्या हातातलं काम सोडवायला जाऊ नये. कधी कधी त्या कामानंच माणूस झाकलेलं असतं." मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मी एवढंच धरलं की तिची बाजू घेतलीत. सुंठ मी बोळाच्या तोंडाशी थुंकून टाकली. गूळ खाल्ला. त्याचा मला पश्चात्ताप वगैरे काही नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तिचं शेंद्र्याला लग्न झालं, जमीनजुमल्याच्या घरात पडली. मी शिकत गेले, कॉलेजात लागले, जुन्या काव्यावर बोलायला लोक मला गावोगाव बोलावू लागले. म्हटलं, आता तरी बाई कुठंतरी म्हणतील, ही माझी. तुम्ही निवृत्त होऊन परभणीला भाच्याकडं जायला निघालात तेव्हा आम्हा दोघींना बोलावलंत. ती पोराला कडेवर घेऊन आली होती. तुम्ही सामान आवरत होतात. लाल फडक्यातली पोथी उचललीत आणि तिच्या हातात दिलीत. आणि मला? ठवणी! प्राध्यापकीणबाईंना ठवणी. पोथीविना ठवणी म्हणजे बाई, देवाविना देव्हारा. मी हसून नमस्कार केला, रिक्षात बसले आणि औरंगपुऱ्यापर्यंत रडत गेले. ठवणी घरी माळ्यावर टाकली. तुम्ही परभणीला गेल्याचं कळलं तेव्हाही, आणि तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हाही, ती माळ्यावरच होती.

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या मुलीचं लग्न होतं, शेंद्र्यात. मुलगा तिथल्याच वसाहतीतल्या कारखान्यात कामाला. आता तिथं शेतं कमी, कंपन्यांची फाटकंच फार. मी मांडवात शिरले, यजमानांना म्हटलं, "पाणी मिळेल का हो जरा?" तेवढंच. तर कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली एक म्हातारी, जाड भिंगांचा चष्मा, डोक्यावरून पदर, एकदम मान वर करून म्हणाली, "कोन गं? वाचनारी का तू?" मी तिच्याकडं बघत राहिले. ओळखच पटेना. अगदी शेजारी जाऊन बसले तरी पटेना. ती हसायला लागली. "बाईंची कनीक मळनारी मी. नातवाचं लगीन हाय माझ्या."

जेवणं होईपर्यंत आम्ही बोलत बसलो. म्हणजे ती बोलत होती. मी म्हटलं, अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "बाईंचा तुझ्यावर फार जीव. मला नेमानं वाचायला बसवायच्या आणि अर्थ मात्र तुझ्याकडं." ती म्हणाली, "अगं बाई! मग काय करत्या? मला कुठं वाचाया येत व्हतं!" मला वाटलं, थट्टा करते आहे. ती म्हणाली, "खरंच नाय. गावात साळा उर्दूची, बापाची कचेरी उर्दूची, पाटीवर अलिफ-बे काढत मोठी झाले मी. मराठी बोलायची, वाचायची कोन? बाईंना पयल्याच दिवशी कळलं. बोलल्या काय नाय. परात दिली फुडं. म्हनल्या, हात पिठात असले की कुनी पोथी हातात देत नाय." आणि मग हळूच म्हणाली, "तू येक दिवस म्हनली व्हती, धुवून येऊ दे. माझं काळीजच गेलं व्हतं बघ."

नगरहून आलेल्या माझ्या डोक्यात हे कधी शिरलंच नव्हतं बाई. मराठी बोलणाऱ्याला मराठी वाचता येत नसेल, असं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं. आख्ख्या मराठवाड्यात घरोघर तसली माणसं होती आणि मी त्यांच्यात शिष्टासारखी वावरत होते. तिनं सगळं नुसतं कानानं घेतलं होतं, माझ्या तोंडून. मी वाचायची ते तिचं पहिलं ऐकणं असायचं, आणि त्यावर ती तसं बोलायची. आता इथं मला वाईट वाटायला हवं होतं, नाही? वाटलंही. पण पुढं ती म्हणाली, "तू पोळी खाऊन गेलीस की बाई म्हनायच्या, आता हात धू. अन् मग पोथी माझ्या फुडं ठेवायच्या. येक येक अक्षर दिवेलागणीपर्यंत. तू जे वाचलेलं असायचं तेच. म्हनायच्या, तिचा आवाज कानात धर अन् बोट फिरव. तशी शिकले बघ." आणि माझी सगळी करुणा तिथंच आटली. म्हणजे दुपार झाल्यावर आणखी एक दुपार होती! बाबा मला न्यायला यायचे, मी गुळाचा हात फ्रॉकला पुसत जिना उतरायची, आणि वर तुमची दोघींची खरी शिकवणी सुरू व्हायची. तिचं लपवण्यासाठी तुम्ही केवढा घाट घातलात, कणकेचा, पोळ्यांचा, आम्हा सगळ्या पोरींचा. माझं लपवावं असं काही तुम्हाला सापडलंच नाही का हो? मलाही झाकायला हवं होतं कुणीतरी. काय झाकायचं ते नंतर बघितलं असतं.

पोथी तिलाच का, तेही तिनं सांगितलं. तुम्ही माझ्याबद्दल तिला म्हणाला होतात म्हणे, "तिला ती सगळी पाठ आहे. तुझा सराव मोडेल." आणि मग तीच माझ्यावर भडकली. "इतकी वर्सं उशीवर ठेवून वाचली मी पोथी. ठवणी तुझ्याकडं. म्हनलं येईल कवातरी घेऊन. तू तर फिरकलीच नाय! लई मोठी झालीस व्हय?" बाई, हे तुमच्या मनात होतं का? की हाताला येईल ते वाटून टाकलं होतंत? तुमचा काही नेम नाही. मला तेव्हाच तोंडावर सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? पण तुम्हाला "पुन्हा सांग" म्हणायची सवय, स्वतःहून सांगायची कुठं होती?

तर काल ठवणी माळ्यावरून काढली, पुसली आणि पिशवीत घालून शेंद्र्याला गेले. तिला आता वाचता येत नाही, पुन्हा, डोळ्यांमुळे. सुनेनं सतरंजी टाकली. लाल फडकं बदललंय, आता हिरवं आहे. पानं तीच. ठवणी अजून डुगडुगते. मी वाचायला लागले तेच आख्यान, राजा दारात येतो तिथून. आणि एका ओवीला मी वर पाहिलं. लहानपणी वाचताना मी दर ओवीला वर पाहायची, तुमच्याकडं, तुम्हाला आवडतंय का म्हणून. काल तुम्ही नव्हतात, म्हणून नजर तिच्यावर गेली. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. डोळे अधू, तरी टक लावून, ओठ माझ्याबरोबर हलवत. सुनेला म्हणाली, "आम्ही पोरी व्हतो तवापास्नं मी हिच्याच तोंडाकडं बघत आले. हिचा शब्द कुठं फुटतो, श्वास कुठं घेती, समदं मला म्हायती."

मला पुढचं वाचवेना. मी आयुष्यभर स्वतःला त्या आख्यानातली नावडती समजत आले बाई. गोठ्यापाशी टाकलेली. त्यावर पोटतिडकीनं व्याख्यानं दिली, लोक रडले. आणि मांडवात पाणी मागितलं एवढ्या आवाजावर ओळखलं कुणी? तिनं. शेजारी बसूनही ओळखू शकलं नाही कोण? मी. मी तुमच्याकडं बघत होते, आणि माझ्याकडं सबंध वेळ कुणीतरी बघत होतं, आणि ते मला दिसलं नाही, कारण ते पुढ्यातच होतं. म्हणजे आवडती मीच की काय होते? ती मला म्हणाली, "थांबलीस का गं? वाच की." मी वाचलं. अर्थ तिनं सांगितला. आणि बाई, माझ्या तोंडून निघून गेलं, "पुन्हा सांग."

निघताना ती म्हणाली, "ठवणी ठेवून जा हितंच. कशाला वागवतीस?" मी म्हटलं, "नाही, माझी आहे ती. बाईंनी मला दिलीय." आणि पिशवीत घालून घेऊन आले. ती हसली. हसू दे.

हा कागद टपालात टाकायचा तर परभणीतसुद्धा तुमचं आता कुणी नाही. ठवणीचा एक पाय आखूड आहेच, तेव्हा याची चांगली जाड घडी होईल, येत्या रविवारी त्याखाली जाईल. त्या दुपारच्या शिकवणीचं मला अजून खुपतं, ते काही मी सोडणार नाही. आणि ठवणी परत आणली ती हट्टानं आणली असं तिला वाटू दे. ती तिथंच ठेवून आले असते तर पुढच्या रविवारी जायला मला काय निमित्त उरलं असतं?